वीटभट्टीवर जाणारी पोरं, त्यांची शाळा आणि आपण (अनुभव, शिवाय थोडी मदतही हवीये)

खाडीपलीकडची

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. काल वाडीवरून फोन आला की भट्टीवाल्याचा टेम्पो परवा येतोय, म्हणून आज बसलेच लिहायला.

मी पेणला एका पतपेढीत नोकरी करते. पेणच्या पुढे धरमतरच्या खाडीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक कातकरी वाडी आहे, नाव मुद्दाम देत नाहीये. तिथे आम्ही काहीजण पोरांना शिकवायला जातो, म्हणजे मी, एक रिटायर्ड बाई (त्यांनी आयुष्यभर शाळेतच शिकवलं) आणि कॉलेजची दोन मुलं. रविवारी सकाळी आणि मधल्या एका संध्याकाळी. संस्था नाही, बॅनर नाही, पावतीपुस्तक नाही. समाजमंदिराच्या ओट्यावर बसतो आणि पाऊस असला की कुणाच्याही पडवीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कातकरी म्हणजे खैरापासून कात काढणारे लोक, जंगलं राखीव झाली आणि तो धंदा गेला. महाराष्ट्रात तीन जमाती सरकारने अतिमागास म्हणून धरल्यात, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. रायगडमधल्या बहुतेकांकडे स्वतःची जमीन नाही, घराखालची जागासुद्धा कित्येकांच्या नावावर नाही. त्यामुळे भातकापणी उरकली, दिवाळी झाली की बिऱ्हाड भट्टीवर. वीटभट्टी नाहीतर कोळसाभट्टी. शिमग्याला चार दिवस येतात, परत जातात, ते मग पावसाच्या तोंडावर उगवतात. म्हणजे शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि यांचं दिवाळीला संपतं. वाडीवर मग म्हातारी माणसं, कुत्री आणि कोंबड्या.

"यांना शिक्षणाचं महत्त्वच नाही" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता राग येतो. कारण मी भट्टीवर जाऊन आलेय. वाडी रिकामी झाल्यावर आमच्या बाईच म्हणाल्या, पोरं जिथे आहेत तिथे जायचं, आणि तसं आम्ही रविवारचे भट्टीवर जायला लागलो.

भट्टीवरचं घर म्हणजे कच्च्या विटा एकावर एक रचायच्या, मधे चिखलही नाही, वर पेंढा. उभं राहता येत नाही आत. आदल्या संध्याकाळी माती आणि तूस मळून ठेवतात आणि पहाटे अंधारातच विटा पाडायला बसतात, बाप साच्यात माती थापतो, आई माती आणून देते. सात-आठ वर्षांची पोरं ओल्या विटांच्या रांगांमधून फिरून एकेक वीट कुशीवर वळवतात म्हणजे दुसऱ्या बाजूने वाळेल. हे काम पोरांकडे का, तर वजन कमी, पाय छोटे, वीट मोडत नाही. दहा वाजेपर्यंत हे. मग आम्ही पाट्या काढतो तेव्हा त्या बोटांची कातडी सुरकुतलेली असते आणि नखात माती, पेन्सिल निसटते हातातून. तरी बसतात हो! कुणी बोलवायला लागत नाही.

आता मुख्य सांगायचंय ते. पाचवीतली एक मुलगी आहे, हुशार, हजाराच्या पुढचे गुणाकार जमायला लागलेत म्हणून खूष. एक दिवस बापाची वही घेऊन आली. भट्टीचा व्यवहार असा असतो की दिवाळीआधी उचल देतात, मग दर आठवड्याला खाण्यापुरती खर्ची, आणि विटांचा भाव हजारी. सीझनच्या शेवटी सगळं वजा करून हिशेब. वहीत मुकादम लिहितो, बाप अंगठा देतो. ती म्हणाली हे गणित करूया.

आकडे मी बदललेत पण प्रकार हाच. उचल ३०,०००. खर्ची आठवड्याला १,५००, असे २४ आठवडे, म्हणजे ३६,०००. एकूण घेतले ६६,०००. विटा पडल्या ९०,०००, हजारी ८०० रुपये, म्हणजे कमावले ७२,०००. तिने पाटीवर सगळं मांडलं, ७२ मधून ६६ गेले, उरले ६,०००. "आपले सहा हजार येनार," असं आईला ओरडून सांगितलं. आई काही बोलली नाही. कारण मुकादमाने आधीच सांगितलं होतं की तुमच्याकडेच चार हजार निघतायत, पुढच्या वर्षी इथेच यायचं. चार हजार कुठून निघाले तर फुटलेल्या विटा, औषधाला दिलेले, आणि "बाकी". बाकी म्हणजे काय ते वहीत नाही.

त्या मुलीने पुसलं नाही. परत केलं, उत्तर परत सहा हजार आलं. मग मला म्हणाली, बाई माझं बरोबर हाय ना?

बरोबरच होतं.

मी रोज कर्जाचे कागद हाताळते. सह्या घेणं, अंगठे घेणं, हप्ता सांगणं. त्यानंतर माझं टेबलवरचं काम बदललं ते असं की आता समोरचा माणूस कितीही घाईत असो, मागे कितीही रांग असो, मी मुद्दल किती, व्याज किती, एकूण किती भरायचे हे त्याला मोठ्याने सांगते आणि त्याच्याकडून परत वदवून घेते, मग सही. साहेब कुरकुर करतात, करू देत. घरी पण फरक पडलाय, माझा मुलगा आठवीत आहे, त्याच्या मार्कांवरून मी पूर्वी जशी जीव टाकायचे तशी आता टाकत नाही, आणि सुट्टीत तो माझ्याबरोबर येतो. सासूबाईंना पहिल्यांदा पटलं नव्हतं, आता त्याच भाकऱ्या बांधून देतात.

वाडीवर पोरांना अपूर्णांक शिकवायचे होते तेव्हाची गोष्ट सांगते. पाव, अर्धा, पाऊण, भाकरीचे तुकडे वगैरे झालं, डोक्यात जाईना. ही पोरं खाडीत निवट्या आणि चिंबोऱ्या धरायला जातात, तेव्हा विचारलं की ओहोटी कधी ते कसं कळतं. तर एका आजीने सांगितलं, तिथीची पाऊणपट करायची. तिने कोळणींकडून उचललेलं. म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाला पूर्ण भरती, बाराला ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, नऊला ओहोटी. मग काय, पूर्ण सकाळभर कॅलेंडर मांडीवर घेऊन पोरांनी सगळ्या तिथ्यांची पाऊणपट काढली, पंचमीला पावणेचार आले तेव्हा एकाने तीन पूर्णांक तीन चतुर्थांश असं आपणहून लिहिलं. भरती रोज पाऊण तासाने पुढे का जाते हा प्रश्नही त्यांनीच काढला आणि मग चंद्रावर गाडी गेली. आमच्या बाई म्हणाल्या इतकी वर्षं शिकवलं पण पाऊणकी अशी कधी शिकवली नव्हती.

आता मदत कुठे हवी ते. परवा साधारण निम्मी पोरं जातील. (१) भट्टीजवळच्या शाळेत दाखल करायला गेलो तर दाखला आणा म्हणतात. (२) बऱ्याच पोरांकडे जन्माचा दाखला नाही, जातीचा तर नाहीच. (३) त्या वहीचं काय करता येईल का? जाणकारांनी लिहा प्लीज.

डोंगरवाट

वाचून सुन्न झालो. "माझं बरोबर हाय ना" इथे थांबलो थोडा वेळ. लिहीत राहा ताई.

रातांबा

चांगलं काम करताय यात वाद नाही पण एक सांगतो, राग मानू नका. शिक्षणाचा हक्क हा २००९ चा कायदा आहे, मूल शाळेत आणणं ही सरकारची जबाबदारी, आणि रविवारी चार चांगली माणसं जाऊन ते करायला लागली की यंत्रणेला आयतंच सुटायला मिळतं. आमच्या चिपळूणकडे मी हे बघितलंय, संस्था येते, दोन वर्षं वर्ग चालतो, फंड संपला की जाते, आणि तोपर्यंत शाळेतल्या लोकांनी त्या वाडीकडे बघणं सोडलेलं असतं. पोरांच्या बाजूने विचार केला तर हे बरं नाही.

खडूफळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, रायगडातच, म्हणून आतलं सांगतो. रातांबा यांचा मुद्दा काही अंशी खरा आहे पण शिक्षकाची बाजू पण ऐका. दिवाळीनंतर माझ्या वर्गात निम्मे बाक रिकामे असतात. नाव काढलं तर पट घसरतो, पट घसरला की शिक्षक कमी होतो आणि मग शाळाच बंद व्हायची भीती, आणि ती गेली तर जूनला परत येणारी पोरं कुठे जाणार? पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असं कायदा म्हणतो पण डोंगरातला एक किलोमीटर आणि पावसातला ओढा कायद्याला दिसत नाही. म्हणून पोर पटावर असतं आणि वर्गात नसतं. हे काही कुणी हौसेने करत नाही.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर. शाळेतून "शिक्षण हमी पत्रक" मागा. स्थलांतर करणाऱ्या पोरांसाठीच आहे ते, पोर किती शिकलंय ते त्यात लिहिलेलं असतं, दुसऱ्या शाळेने त्यावर बसवून घ्यायचं आणि परत आलं की आमच्याकडे. टेम्पो निघायच्या आधी प्रत्येक पोराच्या हातात ते पाहिजे. आजच मुख्याध्यापकांना भेटा, उद्यावर नको.

दुसरा पर्याय हंगामी वसतिगृह. वसतिगृह म्हणतात पण पुष्कळ ठिकाणी पोर गावातच आजीकडे राहतं आणि जेवणाची सोय शाळेमार्फत होते. जिथे आजी धडधाकट आहे तिथे हे चांगलं चालतं. लहान भावंड सांभाळायला म्हणून मोठ्या बहिणीला नेतात, ती मात्र यातून सुटते, तिच्यासाठी आईबापाशी बोलावंच लागतं.

खाडीपलीकडची

@खडूफळा सर खूप खूप आभार, आत्ताच फोन केला, सकाळी शाळेत जातेय.

@रातांबा, राग कशाला मानू. तुमची काळजी खरी आहे आणि मलाही ती आहे. पण एक बघा, भट्टीवर कोणतं पोर गेलं, कोणत्या भट्टीवर गेलं, ही यादी आज कुणाकडे आहे? आमच्याकडे आहे, कारण आम्ही दर रविवारी जातो. तक्रार करायची तर नाव लागतं, वय लागतं, ठिकाण लागतं. मी सरकारला सोडत नाहीये, उलट न जाताच मी तहसीलदारांसमोर काय बोलणार होते? आणि फंड संपून आम्ही जाणार नाही कारण फंडच नाहीये, पेणहून बाइकचं पेट्रोल एवढाच खर्च.

चिकूवाडी

डहाणूहून लिहितोय. हे वाचताना आमच्या भागाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, समुद्रकिनाऱ्यावरचं गाव, आणि १९५७ ला ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांत नेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. पोरं शाळेत येत नाहीत कारण गुरं राखायला जातात, मग त्यांनी काय केलं तर जिथे गुरं चरतात तिथेच शाळा भरवली, कुरणशाळा. आणि लहान भावंडं सांभाळायची म्हणून मोठी पोरगी अडकते तर त्या भावंडांना पण घेऊन ये, असं. आज देशभर अंगणवाड्या आहेत, त्यामागची कल्पना या कामातून आली असं म्हणतात. ताराबाई १९७३ ला गेल्या, पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत म्हणजे मरेपर्यंत कोसबाड सोडलं नाही.

आणि भट्टीवरचंच बोलायचं तर वसईकडे विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भोंगाशाळा चालवल्या, वीटभट्टीवरच. तुमचं आणि तुमच्या बाईंचं "पोरं जिथे आहेत तिथे जायचं" हे त्याच रस्त्यावरचं आहे ताई. आमची आजी कोसबाडला बालवाडीत काम करायची, तिचा एक नियम होता, पोराला आधी आंघोळ, मग खाऊ, मग गाणं आणि मग अक्षर. अंगावर खरूज असताना कुणाला अ आ ई सुचत नाही असं म्हणायची.

हापूस_देवगड

माझी बाग आहे त्यामुळे वेगळ्या बाजूने लिहितो. आमच्याकडे आणि रत्नागिरीकडे बागेत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, मोहर यायच्या सुमाराला येतात, आंबा संपला की जातात. त्यांची पोरं आमच्या गावच्या शाळेत बसतात, दोन महिन्यांत मालवणीत भांडायला लागतात. माझी बायको संध्याकाळी बागेतल्या मांगरात त्यांचा अभ्यास घ्यायला लागली, सुरुवातीला मी म्हटलं कशाला नसतं, गडी आणि मालक यांच्यात अंतर बरं. पण ते पोरगं, सातवीचं, एक दिवस मला विचारतं, काका पेटीचा भाव मुंबईत काय लागला? आणि मग त्याचा बाप रात्रभर जागून वानर आणि चोर हाकतो त्याचे किती. विचारलं नाही त्याने असं, पण मला ऐकू आलं. त्या वर्षीपासून मी पगार महिन्याच्या महिन्याला देतो, शेवटी एकदम नाही, आणि वही त्यांच्याकडे पण एक असते. तुमच्या त्या मुलीची गोष्ट वाचून हे लिहावंसं वाटलं.

खाडीपलीकडची

@हापूस_देवगड दादा, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. दोन वह्या! एक मालकाकडे आणि एक मजुराकडे. हे मी इथल्या भट्टीवाल्यांना सांगणार आहे, सगळे वाईट नाहीत, एक-दोघं ऐकतील.

पनवेल_फास्ट

ताई फारच सुंदर काम. माझ्या मुलीचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, आम्हाला हॉटेलात करायचा नाहीये, तुमच्या वाडीवर केक, खाऊ, कपडे, खेळणी घेऊन आलो तर चालेल का? सात-आठ कुटुंबं येऊ, फोटो वगैरे काढून इथे टाकीन म्हणजे इतरांनाही प्रेरणा मिळेल.

खाडीपलीकडची

तुमची भावना चांगली आहे, ती मनापासून समजते. पण केक आणि फोटो नको. स्पष्टच लिहिते कारण हे दर महिन्याला कुणीतरी विचारतं. गाड्या येतात, पोरांना रांगेत उभं करतात, गाणं म्हणायला लावतात, एका दुपारीत सगळं वाटून जातात, मग पुढचा रविवार आमचा पोरं "आज काय आणलं" विचारण्यात जातो. पोरांना तशी सवय आपण लावायची आणि मग हीच पोरं मागतात म्हणून नावं ठेवायची, हे मला सहन होत नाही. आणि फोटो, त्यांच्या आईला विचारल्याशिवाय तर अजिबातच नाही, तुम्ही तुमच्या मुलीचा फोटो कुणा अनोळखी माणसाला काढू द्याल का?

पण या. मुलीला घेऊन या, रिकाम्या हाताने या, सकाळी नऊला. ती आमच्या पोरांबरोबर बसेल, खेळेल, बेचकीने आवळा पाडायला शिकेल. परत महिन्याने या, मग परत. तिसऱ्या वेळेला पोरं तिला नावाने हाक मारतील. खर्चच करायचा असेल तर चपला. भट्टीवर राख आणि गरम विटा असतात आणि बहुतेक पोरं अनवाणी. मी मापं काढून पाठवते, ती आईबापांच्या हातात द्यायची, पोरांना बापाने घालायच्या.

पनवेल_फास्ट

पटलं. मुलीला दाखवला तुमचा रिप्लाय, ती म्हणतेय आवळा केव्हा पाडायचा. मापं पाठवा. फोटो नाही काढणार.

कलम_आणि_कायदा

वकील आहे, अलिबाग कोर्टात प्रॅक्टिस. एकेक घेते.

शाळाप्रवेश. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून पण अडवू शकत नाही. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात बसवायचं, मागे पडलेलं असेल तर जादा शिकवण्याची सोय शाळेने करायची. तोंडी भांडू नका, अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेक वेळा प्रवेश होतो असा माझा अनुभव.

जातीचा दाखला. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख धरतात, त्याआधीचं वास्तव्य दाखवायचं. ज्यांच्या पणजोबांकडे सातबारा नव्हता, शाळा नव्हती, त्यांनी १९५० चा कागद आणायचा कुठून, हा आपल्या व्यवस्थेचा फार मोठा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत. पण वाट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम जनमन योजना आली, ती कातकरींसारख्या जमातींसाठीच आहे, आधार आणि दाखल्यांसाठी तिची शिबिरं लागतात. तुमच्या यादीसह प्रांत कार्यालयात अर्ज देऊन वाडीवरच शिबिर मागा. भट्टीवर जायच्या आधी नाही जमलं तर शिमग्याच्या चार दिवसांत मागा, तेव्हा सगळे घरी असतात.

आता वही. हे सगळ्यात महत्त्वाचं. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. उचल घेतली म्हणून "पुढच्या वर्षी इथेच यायचं", दुसरीकडे कामाला जायची मोकळीक नाही, हे त्या कायद्यात बसू शकतं. शिवाय १९८२ च्या एशियाड मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांतांकडे. पण ताई, कुटुंबाला विचारल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. तक्रार आपण करतो आणि परिणाम ते भोगतात. बापाची तयारी असेल तरच. नसेल तर निदान दर आठवड्याला वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

रातांबा

@कलम_आणि_कायदा उत्तम माहिती. @खाडीपलीकडची ताई, यादीचा मुद्दा मान्य. मी महाडला बदली होऊन आलोय सध्या, महसुलातच आहे. प्रांत कार्यालयात शिबिराचा अर्ज कसा लिहायचा, सोबत काय जोडायचं हे मी सांगू शकतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

डोंगरवाट

धागा वर काढतोय. टेम्पो गेला का? पोरांचं काय झालं?

खाडीपलीकडची

सांगते. टेम्पो गेला. खडूफळा सरांमुळे आदल्या दिवशी शाळेत बसून सगळ्यांची हमी पत्रकं तयार झाली, मुख्याध्यापक संध्याकाळी उशिरापर्यंत थांबले, त्यांचे आभार मानावे तेवढे कमी. तिघं जणं आजीकडे राहिलीत, त्यातला एक माझा पाऊणकीवाला. ती पाचवीतली गेली. धाकटा भाऊ दीड वर्षाचा आहे, आई म्हणाली तिच्याशिवाय मला माती उचलता येणार नाही, आणि मी काय बोलणार त्यावर, आईचे हात मी पाहिलेत.

पण तिच्या बापाने यंदा एक केलं. उचल घेताना मुकादमाला म्हणाला की वही दोन करायच्या, एक माझ्याकडे, लिहिणार माझी पोरगी. हापूस दादांची गोष्ट मी वाडीवर सांगितली होती. मुकादम हसला पण वही दिली. चौकटीची घेऊन दिलीये मी, उचलीचा आकडा आणि हजारी भाव तिने माझ्यासमोरच पहिल्या पानावर घातला.

तक्रारीचं त्याला विचारलं. म्हणाला, यंदा नको, यंदा बघू हिशेब कसा येतो. त्याचा निर्णय आहे, आम्ही मान ठेवतोय.

भट्टीजवळच्या शाळेत उद्या जातोय सगळी पत्रकं घेऊन. बाई येतायत बरोबर, त्यांना कुणी नाही म्हणू शकत नाही.

कलम_आणि_कायदा

अर्जाचा नमुना व्यनित टाकलाय. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. आणि ती वही पावसात भिजणार नाही अशा पिशवीत ठेवायला सांगा तिला.

खडूफळा

आणि पोरांना सोबत न्या, नुसते कागद नको. पोर समोर उभं असलं की मास्तरला नाही म्हणणं जड जातं. दुपारच्या जेवणाच्या आधी पोचा, त्याच दिवशी तिथे जेवली की दुसऱ्या दिवशी आपणहून जातील.

खाडीपलीकडची

नेते. साडेनऊला निघतोय.